स्टाइनवे बोगद्याच्या चढासाठी वेगळे डबे का लागले: मोटर, गिअर आणि ब्रेकचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे: न्यूयॉर्कच्या इंटरबरो कंपनीकडे १९१५ साली भुयारी रेल्वेचे शेकडो विजेचे डबे होते. तरीही ईस्ट रिव्हरखालच्या, ४.५ टक्क्यांचा चढ असलेल्या स्टाइनवे बोगद्यासाठी तिने वेगळे डबे बांधून घेतले. या डब्यांचा मुख्य फरक गिअरमध्ये होता. नुसता गिअर बदलून एवढं काय साधतं? त्यापेक्षा मोठ्या मोटरी का नाही बसवल्या?

आधी तो चढ तिथे आला कुठून ते पाहू, कारण भुयारी रेल्वेसाठी म्हणून सहसा कोणी एवढा चढ आखत नाही. हा बोगदा मुळात ट्रॅमसाठी होता. पियानो बनवणाऱ्या विल्यम स्टाइनवे यांच्या पाठिंब्याने १८९२ मध्ये काम सुरू झालं. त्याच वर्षी २८ डिसेंबरला स्फोट होऊन पाच जण गेले आणि काम थांबलं. १८९६ मध्ये स्टाइनवे वारले. पुढे इंटरबरोचे ऑगस्ट बेलमाँट यांनी १९०५ मध्ये काम पुन्हा हाती घेतलं, १९०७ मध्ये बोगदा पूर्ण झाला, ट्रॅमची चाचणीही झाली. पण परवान्याच्या वादात तो तसाच पडून राहिला. १९१३ मध्ये शहराने तो ३० लाख डॉलरला घेतला, भुयारी रेल्वेसाठी बदलला आणि २२ जून १९१५ ला ग्रँड सेंट्रल ते व्हर्नन-जॅक्सन अशी गाडी सुरू झाली. म्हणजे एकट्या ट्रॅमला झेपेल असा नदीखालचा उतार आणि चढ आता लांब, जड गाड्यांच्या वाट्याला आला. बोगदा नव्याने खणणं शक्य नव्हतं, त्यामुळे बदल डब्यातच करावा लागला.

४.५ टक्के म्हणजे साधारण २२ ला १. आपल्याकडे खंडाळ्याचा बोर घाट ३७ ला १ आहे, म्हणजे २.७ टक्के, आणि तिथे कर्जतला मागे बँकर इंजिनं लावल्याशिवाय जड गाडी वर चढत नाही. दर दोन-तीन मिनिटांनी गाडी सोडायची असलेल्या बोगद्यात बँकर लावायला ना जागा, ना वेळ. प्रत्येक डब्याने स्वतःचं वजन स्वतःच वर न्यायचं, एवढा एकच रस्ता उरतो.

आता हिशोब. पुढचे आकडे मुद्दाम सोपे धरले आहेत. ते त्या डब्यांच्या कागदपत्रांतले नाहीत, पण प्रमाण बरोबर आहे. भरलेला डबा ४२ टन धरा. सपाटीवर गाडी नुसती चालू ठेवायला टनामागे साधारण ५ किलो ओढ लागते. ४.५ टक्क्यांच्या चढावर त्यात टनामागे ४५ किलोंची भर पडते. म्हणजे गाडी वेग न वाढवता नुसती चढत राहायलाच ५० किलो. वेग वाढवायचा तर वेगळी ओढ हवी: फिरणाऱ्या भागांचं जडत्व धरून दर सेकंदाला १ मीटर प्रति सेकंद इतका वेग वाढवायला टनामागे सुमारे ११२ किलो लागतात. सपाटीवर ०.५ चा प्रवेग मिळावा असा डबा बेतला, तर त्याची सुरुवातीची ओढ झाली ५६ अधिक ५, म्हणजे टनामागे ६१ किलो.

तोच डबा चढावर उभा करा. ६१ मधून ५० गेले, उरले ११. प्रवेग ०.५ वरून ०.१ वर आला. गाडी हलते, पण मुंगीच्या पावलाने. गिअरचं प्रमाण २५ टक्क्यांनी वाढवा, म्हणजे मोटरचे जास्त फेरे आणि चाकाचे कमी. त्याच करंटला ओढ ७६ होते. ५० वजा केले तर २६ उरतात. प्रवेग ०.२३. गिअरमधल्या पाव भागाच्या बदलाने चढावरचा प्रवेग दुपटीहून जास्त झाला. चढ ओढीचा मोठा हिस्सा आधीच खाऊन टाकतो, त्यामुळे वर टाकलेली प्रत्येक भर थेट शिलकीत जमा होते. सगळी गोष्ट या वजाबाकीत आहे.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट डबा बंद पडल्यावर दिसते. पाच डब्यांची गाडी, पाचही मोटरकार, म्हणजे स्वतःच्या मोटरी असलेले डबे. त्यातल्या एकाचा फ्यूज गेला किंवा त्याच्या मोटरी सर्किटमधून तोडून ठेवाव्या लागल्या. आता चार डब्यांची ओढ पाच डब्यांच्या वजनावर. नेहमीच्या गिअरला सरासरी ६१ चे ४९ झाले, आणि लागतात ५०. गाडी जागची हलत नाही. नदीखाली, भरलेली, मागे दुसरी गाडी सिग्नलला थांबलेली. २५ टक्के वाढवलेल्या, म्हणजे कमी वेगाच्या गिअरला तेच ७६ चे ६१ होतात, ११ किलो शिल्लक राहते आणि गाडी हळूहळू का होईना, स्टेशन गाठते. अशा बोगद्यासाठी डबा निवडताना हीच कसोटी आधी लावावी असं माझं ठाम मत आहे. सगळं ठीक असताना तो किती वेगाने चढतो हे नंतर पाहावं.

कोणी म्हणेल, मोटरमनने करंट थोडा जास्त घ्यावा. इथे नियंत्रणाची पद्धत आड येते. त्या काळच्या बहुतेक भुयारी डब्यांत नॉच, म्हणजे मोटरला वीज वाढवत नेण्याच्या पायऱ्या, आपोआप पुढे सरकत. मोटरमन हँडल फिरवून मोकळा व्हायचा, एक करंट रिले मोटरच्या करंटवर लक्ष ठेवायचा. वेग वाढला की मोटरचा उलटा दाब, म्हणजे फिरताना ती स्वतःच तयार करते तो विरुद्ध दिशेचा व्होल्टेज, वाढतो, करंट ठरलेल्या आकड्याखाली येतो, रिले सुटतो आणि पुढचा रेझिस्टन्स निघतो. चढावर वेग वाढतच नसेल तर करंट खाली येत नाही, रिले सुटत नाही आणि गाडी रेझिस्टन्सच्या नॉचवर अडकून बसते. हा रेझिस्टन्स म्हणजे डब्याखालच्या ओतीव लोखंडाच्या ग्रिड, आणि त्या काही सेकंदांपुरत्याच बनवलेल्या असतात. त्यांच्यातून सतत करंट गेला की त्या लाल होतात, वाकतात, शेजारच्या ग्रिडला टेकतात, किंवा एखादी तडकून सर्किटच तुटतं. वरचे दोन आकडे इथे लावून पाहा. सिरीजचा, म्हणजे दोन मोटरी एकामागे एक जोडलेल्या असतानाचा, शेवटचा नॉच नेहमीच्या गिअरला ताशी १६ किलोमीटरच्या वेगाला येत असेल तर ०.१ च्या प्रवेगाने तिथे पोचायला ४५ सेकंद लागतात. २५ टक्के जास्त गिअरला तोच नॉच १३ च्या आसपास येतो, आणि प्रवेग ०.२३ असल्याने १५ सेकंदांत गाठला जातो. ग्रिड तापण्याचा वेळ एक तृतीयांश. रिलेचा आकडा वर चढवूनही हे अंशतः जमतं, पण मग सपाटीवर चाकं घसरतात, धक्के बसतात आणि सबस्टेशनवर ताण येतो.

या डब्यांना लो-व्होल्टेज म्हणतात त्याचा चढाशी संबंध नाही, यावर नेहमी गोंधळ होतो. आधीच्या हाय-व्होल्टेज डब्यांत नियंत्रणाच्या तारांत वीज पुरवणाऱ्या तिसऱ्या रुळाचा ६०० व्होल्टचा दाब डब्यांमधून फिरायचा. नव्या डब्यांत ते काम ३२ व्होल्टच्या बॅटरीवर आलं. सुरक्षिततेसाठी ती मोठी सुधारणा होती. पण मोटरींना दाब तोच मिळायचा.

आता मोठ्या मोटरींचा प्रश्न. मोटर बोगीत, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या गाड्यात, दोन चाकांच्या मध्ये लटकलेली असते. एक बाजू अॅक्सलवर बेअरिंगने टेकलेली, दुसरी बोगीच्या आडव्या बीमवर. रुंदीला मर्यादा रुळांच्या अंतराची, त्यातूनही गिअरकेसची जागा वजा. उंचीला मर्यादा चाकाच्या व्यासाची आणि वर डब्याच्या फरशीची. १९०४ पासून इंटरबरोच्या मोटरकारमध्ये एका बोगीत २०० अश्वशक्तीच्या दोन मोटरी होत्या आणि दुसरी बोगी बिनमोटरची. त्या बोगीत आणखी काही कोंबायला जागा नव्हती. शिवाय मोटर मोठी केली तरी चाकाची पकड वाढत नाही. गिअरचंही मनमानी चालत नाही. अॅक्सलवरचं मोठं गिअरचाक वाढवत नेलं तर गिअरकेस रुळाच्या पातळीकडे उतरते. पिनियन, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरचं छोटं गिअरचाक, लहान करत नेलं तर दातांचं मूळ आणि शाफ्टच्या भोकामधलं पोलाद इतकं पातळ होतं की पिनियन तडकतं. या दोन भिंतींच्या मध्ये जेवढी जागा उरते तेवढाच खेळ.

मोटर गरम होण्याच्या बाबतीतही गिअर कामी येतो. चढावर त्याच ओढीला मोटरला २० टक्के कमी पीळ (टॉर्क) द्यावा लागतो. सिरीज मोटरमध्ये, म्हणजे जिच्या फिरत्या आणि स्थिर गुंडाळ्यांतून एकच करंट जातो तिच्यात, पीळ आणि करंट सरळ प्रमाणात जात नाहीत, त्यामुळे करंट साधारण १४ टक्के कमी होतो. उष्णता करंटच्या वर्गावर जाते, म्हणजे ती पाऊणपट राहते. बंदिस्त मोटरीत, कोंदट बोगद्यात, दिवसभर चढ-उतार करताना हा पाव हिस्सा फील्ड कॉइलच्या, म्हणजे मोटरच्या स्थिर गुंडाळ्यांच्या, इन्सुलेशनचं आयुष्य ठरवतो. त्या काळचं इन्सुलेशन सुती कापड, अभ्रक आणि वार्निशचं. ते एकदा भाजलं की ठिसूळ होतं आणि पुढच्या धक्क्याला गळतं.

पकडीचा हिशोब वेगळा मांडायला हवा. मोटरी एकाच बोगीत असल्याने त्या दोन अॅक्सलवर ४२ पैकी अंदाजे २५ टन येतात. टनामागे ७६ म्हणजे एकूण ३२०० किलो ओढ. भागिले २५,०००, पकड लागते त्या वजनाच्या १३ टक्के. कोरड्या रुळावर २५ टक्क्यांपर्यंत मिळते, ओल्यावर १५ च्या आसपास. एवढं जमतं, पण फार मोकळीक नाही. नदीखालच्या बोगद्यात पाझर असतोच, त्यात ब्रेकची धूळ आणि ग्रीस मिसळलं की पकड आणखी खाली जाते. गाडीत बिनमोटरचे डबे मिसळले तर हे गणित कोलमडतं: तीन मोटरकारमागे तीस-तीस टनांचे दोन ट्रेलर लावले तर प्रत्येक मोटरकारच्या वाट्याला ६२ टन येतात. कोरड्या दिवशी कसंबसं चालेल, ओल्या दिवशी नाही.

घसरण सुरू झाली की सिरीज जोडणीत ती आपोआप वाढते. दोन मोटरी एकामागे एक जोडलेल्या, ६०० व्होल्ट दोघींत वाटलेले. एकीचं चाक घसरलं की तिचे फेरे वाढतात, उलटा दाब वाढतो आणि एकूण दाबाचा मोठा हिस्सा ती ओढून घेते. दुसरीला जवळपास काही उरत नाही. म्हणजे घसरणारी आणखी जोरात फिरते आणि पकड असलेली सुस्तावते. कम्युटेटरवर (फिरत्या भागाला वीज देणाऱ्या तांब्याच्या कड्यावर) ठिणग्या, मग फ्लॅशओव्हर, म्हणजे त्यावरून आरपार ठिणगी, मग सर्किट ब्रेकर पडतो. उपाय एकच: पॉवर पूर्ण काढायची, चाक थांबू द्यायचं आणि पुन्हा पहिल्या नॉचपासून घ्यायचं. घसरत असताना हँडल धरून ठेवलं तर रुळावर एकाच जागी खळगा पडतो आणि पुढची प्रत्येक गाडी तिथेच घसरते. वाळू टाकणं सोपं वाटतं, पण वाळूचा थर चाक आणि रुळाच्या मध्ये आला की रुळांतून वीज सोडून गाडी कुठे आहे ते सिग्नलला कळवणाऱ्या ट्रॅक सर्किटला गाडी दिसत नाही.

चढावर उभी गाडी सुटताना मोटरमनने पाळायचा क्रम असा: ब्रेक लागलेलेच ठेवायचे, पहिला नॉच घ्यायचा, ओढ बसून कपलर ताणले जाण्याइतका क्षणभर थांबायचं, मग ब्रेक सोडायचे. उलटं केलं तर गाडी अर्धा मीटर मागे येते आणि ओढ लागताच कपलरला झटका बसतो. त्यातच ड्रॉबारच्या, म्हणजे डबे जोडणाऱ्या दांड्याच्या, पिना झिजतात. आणि पहिल्या नॉचवर ब्रेक लावून जास्त वेळ थांबलं तर पुन्हा ग्रिडचा प्रश्न. दोन-तीन सेकंदांची ती जागा सरावानेच साधते.

उताराकडे लोक कमी लक्ष देतात, आणि गिअर बदलण्याची खरी किंमत तिथे मोजावी लागते. चाकाचा व्यास ८६ सेंटीमीटर धरला तर ताशी ६० किलोमीटरला चाकाचे मिनिटाला ३७० फेरे होतात. ३ ला १ गिअरला आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, १,११० फेऱ्यांनी फिरतं, ३.७५ ला १ ला १,३९० नी. बाहेर फेकणारं बल फेऱ्यांच्या वर्गावर जातं, म्हणजे ५६ टक्के जास्त. आर्मेचरच्या कॉइल खाचेत धरून ठेवायला वरून पोलादी तारेचे बंध गुंडाळून झाळलेले असतात. मोटर गरम आणि फेरे जास्त, अशा वेळी झाळ मऊ पडते, बंध सुटतो, तार फील्डच्या पोलमध्ये अडकते आणि मोटर जाम होते. अॅक्सल फिरायचा थांबतो आणि चाक घासत खाली येतं. म्हणून कमी वेगाच्या गिअरच्या डब्यांना उतारावर वेगाची मर्यादा काटेकोर पाळावी लागते, पॉवर बंद असली तरी. मोटर रिकामी फिरत असली म्हणून ती सुरक्षित आहे असं नाही.

ब्रेकचं साधं गणित: आणीबाणीच्या ब्रेकला सपाटीवर १.३ चा मंदन मिळत असेल तर ४.५ टक्क्यांच्या उतारावर त्यातले ०.४४ गुरुत्वाकर्षण खाऊन टाकतं, उरतात ०.८६. ताशी ५० वरून थांबायला सपाटीवर ७४ मीटर, उतारावर ११२. सिग्नलची राखीव लांबी या दुसऱ्या आकड्यावर ठरवावी लागते, नाहीतर गाडीच्या दोषाशिवायच धडक होऊ शकते. उष्णताही कमी नसते. ६०० मीटर उतरताना डबा २७ मीटर खाली येतो. ४२ टनांची ती ऊर्जा सुमारे ११ मेगाज्यूल होते आणि जवळजवळ सगळी आठ चाकांच्या ओतीव लोखंडी ब्रेक ब्लॉकवर जाते. या डब्यांना वीज परत देणारा ब्रेक नव्हता. ब्लॉक एकसारखा टेकवून ठेवला तर चाकाची धाव तापते, तिला बारीक भेगा पडतात. चाकावर वेगळी टायर बसवलेली असेल तर ती सैल होण्याचा धोका असतो. योग्य रीत म्हणजे एकदा ठामपणे ब्रेक लावून वेग उतरवायचा, सोडायचा, आणि हवेच्या टाक्या पुन्हा भरेपर्यंत दुसऱ्यांदा हात लावावा लागणार नाही एवढं अंतर राखायचं. लागोपाठ लावत-सोडत गेलं तर जुन्या ऑटोमॅटिक ब्रेकमध्ये डब्याखालच्या टाकीतली हवा संपत जाते, आणि ती नेमकी चढाच्या तळाशी, नदीखाली कमी पडते.

न्यूयॉर्कच्या आधीही हा प्रश्न लोकांनी वेगवेगळ्या बाजूंनी हाताळला होता. लंडनच्या सिटी अँड साउथ लंडनने १८९० मध्ये छोटी विजेची इंजिनं वापरली. त्यांत आर्मेचर थेट अॅक्सलवर होतं, गिअर नव्हताच. त्यामुळे चढासाठी ओढ वाढवायला करंट वाढवण्याशिवाय हातात काही नव्हतं. किंग विल्यम स्ट्रीट स्टेशनची तीव्र चढ-वळणाची वाट त्रासदायक ठरली आणि १९०० मध्ये ते स्टेशन सोडून दिलं गेलं. सेंट्रल लंडनने १९०० मध्ये चढाचाच उपयोग करून घेतला: स्टेशनं उंचवट्यावर, येताना ६० ला १ चढ म्हणजे ब्रेकला मदत, निघताना ३० ला १ उतार म्हणजे वेग घ्यायला मदत. ही फार सुंदर आखणी आहे, पण ती बोगदा खणण्याआधीच करता येते. तिथलीही गिअरविना इंजिनं फार हादरे देत होती, म्हणून १९०३ मध्ये ती काढून मोटरकार आणल्या. फ्रँक स्प्रेग यांनी शिकागोत १८९७-९८ मध्ये अनेक मोटरकार एकाच हँडलवर चालवण्याची पद्धत सिद्ध केली होती, तिच्यामुळेच हे शक्य झालं.

लिव्हरपूलची मर्सी रेल्वे मला सर्वांत बोधक वाटते. १८८६ मध्ये सुरू झालेल्या या नदीखालच्या बोगद्याचा चढ २७ ला १, म्हणजे ३.७ टक्के. सुरुवातीला खास बांधलेली, सुमारे ६७ टनांची वाफेची इंजिनं चालत. इंजिन जड करून पकड मिळाली, पण चढावर जोर लावताना धूरही तितकाच निघायचा. पंखे पुरले नाहीत, प्रवासी बोटीकडे परतले, कंपनी बुडाली. ३ मे १९०३ ला वेस्टिंगहाउसच्या यंत्रणेवर संपूर्ण मार्ग विजेवर आला, ब्रिटनमध्ये वाफेवरून पूर्णपणे विजेवर गेलेला हा पहिला मार्ग. तिथल्या मोटरकारच्या चारही अॅक्सलवर मोटरी होत्या, १०० अश्वशक्तीच्या. डब्याचं संपूर्ण वजन पकडीला मिळाल्याने मधे ट्रेलर ओढणं परवडलं. इंटरबरोने एकाच बोगीत दोन मोठ्या मोटरींचा आपला साचा सोडला नाही आणि चढाचं उत्तर गिअरमध्ये शोधलं. मर्सीची मांडणी मला अधिक भक्कम वाटते. पण हजारभर डब्यांचे सुटे भाग, कारखाने आणि माणसं एका साच्यावर बसलेली असताना इंटरबरोचा निर्णयही समजण्यासारखा आहे.

त्या निर्णयाचा एक परिणाम रोजच्या कामात जाणवायचा: स्टाइनवे डबे इतर डब्यांत मिसळायचे नसत. कपलर जुळतात, नियंत्रणाच्या तारा जुळतात, गाडी चालतेही. पण एकाच वेगाला कमी वेगाच्या गिअरच्या मोटरी जास्त फिरतात, त्यांचा उलटा दाब जास्त, म्हणून त्या कमी करंट घेतात आणि ओझं साध्या डब्यांच्या मोटरींवर ढकललं जातं. चढावर नेमक्या त्याच मोटरी जळतात, आणि दोष मात्र मोटरवर लिहिला जातो. जुने दुरुस्तीचे कागद वाचताना एकाच गाडीत ठराविक डब्यांच्या मोटरी पुन्हा पुन्हा गेलेल्या दिसल्या, तर आधी पिनियनचे दात मोजलेले आहेत का ते पाहावं. आर्मेचर बदलताना चुकीच्या दातांचं पिनियन बसण्याचा धोका नेहमीच असतो. पिनियन शाफ्टच्या निमुळत्या टोकावर गरम करून चढवतात. बसवण्याआधी निळा रंग लावून ते किती ठिकाणी टेकतं ते तपासायचं. तीन-चतुर्थांशाहून कमी जागी टेकत असेल तर चढावर ते शाफ्टवर फिरतं आणि त्याला जागी धरणाऱ्या चावीची खाच फाडतं.

पुढे १९३९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी याच मार्गावर सेंट लुई कार कंपनीचे ५० डबे आले. १९४८ मध्ये आर-१२ डबे आले, तेव्हा चारही अॅक्सलवर १०० अश्वशक्तीच्या मोटरी बसल्या. आपल्या ४२ टनांच्या डब्याला हीच मांडणी लावली तर ३२०० किलो ओढीला पकड लागते साधारण ७.६ टक्के. ओल्या रुळावरसुद्धा निम्मी पकड शिल्लक राहते.